संहितेतून शूटिंगचं शेड्यूल कसं काढायचं: मुंबईत पहिली शॉर्ट फिल्म करणाऱ्यांसाठी

पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर बहुतेक जण टायपिंगपुरतं वापरतात. समास आपोआप पडतात, संवाद मधोमध येतात, पीडीएफ देखणी दिसते, एवढ्यावर समाधान मानतात. मग शूटच्या आठवडाभर आधी कुणीतरी एक्सेल उघडून, संहिता शेजारी ठेवून, सीन मोजत आणि प्रॉपर्टीची, म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तूंची, यादी काढत रात्री जागवतं. हे सगळं काम त्या फाइलमधून निघू शकतं. पात्रं किती, लोकेशन किती, कोण किती दिवस लागणार, कोणत्या सीनला काय सामान, दुसऱ्या दिवशी कुणी कधी, कुठे यायचं ते सांगणारी कॉल शीट, सगळं.

अट एकच. सॉफ्टवेअरला तुमची गोष्ट कळत नाही. ही ओळ सीन हेडिंग (सीनच्या डोक्यावरची जागा-वेळेची ओळ) आहे, ही पात्राचं नाव, हा संवाद, एवढंच त्याला कळतं. त्या ओळी शिस्तीत लिहिल्या तर पुढचं नियोजन सोपं होतं. मोघम लिहिल्या तर महागातलं सॉफ्टवेअरही चुकीच्या याद्या देतं. म्हणून इथे कोणतं बटण कुठे आहे यापेक्षा काय कसं लिहायचं यावर भर दिला आहे. दहा-पंधरा पानांची शॉर्ट फिल्म, वेब मालिकेचा एखादा भाग किंवा यूट्यूबसाठीचा मोठा व्हिडिओ मुंबईत करायचा आहे, असं धरून चालू.

१. आधी लिपी ठरवा, मग सॉफ्टवेअर

मुंबईत वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत, अशा संहिता सर्रास फिरतात. माझं मत स्पष्ट आहे: मराठी फिल्मचे संवाद देवनागरीतच असावेत. रोमनमध्ये 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांतला फरक पुसला जातो आणि नवा नट अडखळतो. वर्णन कोणत्या भाषेत लिहायचं ते टीमच्या सोयीने ठरवा, पण सगळ्या संहितेत एकच पद्धत ठेवा.

संहिता श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप झालेली असेल, तर सगळ्यात आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. जुन्या फाँटमधला मजकूर तुम्हाला मराठी दिसतो, सॉफ्टवेअरला मात्र तो रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. शोध चालत नाही, याद्या निघत नाहीत. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास चुका राहतात.

आता सॉफ्टवेअर. मोठ्या प्रॉडक्शन हाउसमध्ये फायनल ड्राफ्टचं चलन आहे आणि त्याची एफडीएक्स फाइल शेड्यूलिंगचे बहुतेक प्रोग्रॅम उघडतात. सेल्टेक्स ब्राउझरवर चालतं, लेखन आणि नियोजन एकाच ठिकाणी होतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी स्क्राइट जरूर पाहावं. ते बेंगळुरूत तयार झालेलं आहे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेलं आहे. खिशात पैसे नसतील तर फाउंटन पद्धत शिका. फाउंटन म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काही खुणा वापरून पटकथा लिहायची रीत. नोटपॅडमध्येही लिहिता येतं, दहा वर्षांनी फाइल उघडेल याची खात्री असते, आणि पटकथेची बरीच ॲप ती वाचतात.

देवनागरीत फाउंटन वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पात्राचं नाव ही पद्धत रोमनच्या कॅपिटल अक्षरांवरून ओळखते. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत. म्हणून पात्राच्या नावाआधी '@' ही खूण द्या, आणि मराठी सीन हेडिंगच्या सुरुवातीला एक टिंब. एवढं केलं की ॲप ओळ बरोबर ओळखतं. सीन क्रमांक ओळीच्या शेवटी दोन '#' खुणांमध्ये लिहायचा.

काहीही निवडा, पण विकत घेण्याआधी दोन पानं लिहून पीडीएफ काढा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलत्याच अक्षरावर जात असेल, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही.

२. सीन हेडिंगला वेळ द्या

सगळं शेड्यूल या एका ओळीवर उभं राहतं. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: आत की बाहेर, कुठे, कधी. 'कुठे' लिहिताना आधी मोठी जागा, मग तिच्यातला कोपरा. 'चाळ – खोली', 'चाळ – जिना', 'चाळ – गॅलरी' असं. म्हणजे लोकेशनची यादी काढली की तिन्ही एकाखाली एक येतात आणि हे एकाच दिवशी उरकता येईल हे लगेच दिसतं. एकीकडे 'शोभाचं घर', दुसरीकडे 'खोली', तिसरीकडे 'चाळीतलं घर' असं लिहिलंत तर सॉफ्टवेअर तीन लोकेशन दाखवणार.

मुंबईत 'आत की बाहेर' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चाळीची गॅलरी घ्या. डोक्यावर छप्पर आहे, म्हणून लेखक 'अंतर्गत' लिहितो. पण तिथला उजेड आकाशाचा असतो. ढग आले की शॉट बदलतो, पाऊस आला की आवाज जातो. शेड्यूलच्या दृष्टीने गॅलरी बाह्यच धरा. रिक्षा, लोकलचा डबा, उघड्या दाराची टपरी यांचंही तेच.

जागेचं नाव नेमकं लिहा. 'माटुंगा स्टेशन' एवढंच लिहिलं तर ते मध्य रेल्वेचं. पश्चिम रेल्वेचं स्टेशन माटुंगा रोड. परवानगी कुणाकडे मागायची हे त्या एका शब्दावर ठरतं. दादर तर दोन्हीकडे आहे, तिथे फलाट कोणत्या बाजूचा ते लिहावंच लागेल.

वेळेच्या जागी दिवस, रात्र, पहाट, संध्याकाळ एवढेच शब्द ठेवा. 'थोड्या वेळाने' ही वेळ नव्हे, तो पटकथेतला दुवा आहे. आणि 'संध्याकाळ' जपून वापरा. नोव्हेंबर अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे जातो. त्या सोनेरी उजेडाचा वापरण्याजोगा वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. अख्ख्या फिल्मभर सहा सीन 'संध्याकाळ' असतील, तर तुम्हाला सहा संध्याकाळी लागू शकतात.

३. पात्राला एकच नाव

संवादावर 'आजी', पुढे 'सुमन', आणखी पुढे 'सुमनताई' असं आलं की यादीत तीन पात्रं उगवतात. बोलताना इतर पात्रांनी तिला काहीही म्हणू दे, संवादाच्या डोक्यावरचं नाव बदलायचं नाही. एका वाक्यापुरत्या माणसालाही ओळख द्या: 'वर्गणीवाला १', 'वर्गणीवाला २'. एका वाक्याच्याही भूमिकेला माणूस लागतो, त्याचे पैसे लागतात, जेवणाचं पान लागतं.

४. एक पान म्हणजे एक मिनिट? घड्याळ लावा

हा जुना हिशेब कुरियर फाँट, १२ पॉइंट आणि ठरलेले समास यांच्यावर बेतलेला आहे. देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी नसते, वर-खाली मात्रा येतात म्हणून ओळींत जास्त अंतर लागतं, आणि प्रत्येक फाँट वेगळी जागा घेतो. तीच संहिता एका फाँटमध्ये बारा पानं भरते, दुसऱ्यात पंधरा. त्यामुळे लांबी पानांवरून ठरवू नका. चार जणांनी बसून संहिता मोठ्याने वाचा, वर्णनाच्या जागी खरोखर थांबा, आणि प्रत्येक सीनची वेळ टिपा. सॉफ्टवेअरमध्ये सीनची टीप लिहायची सोय असते, तिथे ती वेळ टाका.

पानांचा हिशेब शेड्यूलसाठी मात्र ठेवायचाच. एका पानाचे आठ भाग करून सीन मोजतात, अर्धं पान म्हणजे चार-अष्टमांश. कोणत्या दिवशी किती काम आहे याची तुलना त्यावरून होते. फक्त फाँट आणि त्याचा आकार पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

५. ब्रेकडाऊन: इथे घाई नको

ब्रेकडाऊन म्हणजे प्रत्येक सीन वाचून त्याला लागणारी एकूण एक गोष्ट वेगळी काढणं. सॉफ्टवेअरमध्ये शब्द निवडून त्याला टॅग लावता येतो: पात्र, ज्युनिअर आर्टिस्ट (गर्दीतली माणसं), प्रॉपर्टी, कपडेपट, मेकअप, वाहन, प्राणी, स्टंट, ध्वनी, व्हीएफएक्स (संगणकावर करायची दृश्यं). साध्या टेक्स्टमध्ये लिहीत असाल तर वेगळी शीट करा, पण सीन क्रमांक तेच ठेवा. एक सीन बघू.

७. बाह्य. चाळ – गॅलरी – संध्याकाळ

पाऊस नुकताच थांबलाय, पागोळ्या गळताहेत. शोभा कठड्यावरची ओली चादर पिळते. पिंजऱ्यातला पोपट पंख फडफडवतो. नऊ वर्षांचा ओम शाळेच्या गणवेशात, चिंब भिजलेला, धावत येतो. हातात लगदा झालेली वही. खाली अंगणात गणपतीच्या वर्गणीवाल्यांचा घोळका.

ओम: आई, बाबांचा फोन आला?

शोभा उत्तर देत नाही. पावती फाडल्याचा आवाज.

जेमतेम दोन-अष्टमांश पान. आता यात काय काय आहे ते काढू.

पात्रं दोन, वर्गणीवाले चार-पाच. प्रॉपर्टीत चादर, पिंजरा, पावती पुस्तक आणि वही. वही एक नाही, प्रत्येक टेकला एक, कारण लगदा झालेली वही परत कोरडी होत नाही. गणवेशाचंही तेच. ओम भिजलेला येतो, म्हणजे किमान तीन जोड, टॉवेल, आणि टेकच्या मध्ये मुलाला गारठू न देण्याची व्यवस्था. पागोळ्या हव्यात, म्हणजे पत्र्यावर पाणी सोडायला पाइप, पाणी, आणि चाळीतल्या शेजाऱ्यांची संमती. वेळ संध्याकाळची, म्हणजे उजेड पाऊण तास. कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका सीनचा दुसऱ्याशी मेळ राखण्याच्या, रकान्यात नोंद: सहाव्या सीनमध्ये वही कोरडी आणि त्याच कव्हरची हवी.

ओम नऊ वर्षांचा आहे. १४ वर्षांखालच्या कलाकारासाठी बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुंबईत जिल्हे दोन: गिरगावची चाळ शहर जिल्ह्यात, गोरेगावची शाळा उपनगर जिल्ह्यात. ओमचे सीन दोन्हीकडे असतील तर दोन्हीकडची कागदपत्रं बघावी लागतील. कायदा नसता तरी हे पाच तास मी पाळायला सांगितले असते. दमलेल्या मुलाकडून अभिनय होत नाही, नुसता छळ होतो.

आणि पोपट. लेखकाने चाळीचं वातावरण म्हणून टाकलेला एक शब्द. आपल्याकडचे रानपोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते पिंजऱ्यात पाळणंच बेकायदा आहे. दुसरा कोणताही प्राणी दाखवायचा, अगदी मांजर, तरी भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. त्या पोपटावाचून गोष्ट अडत असेल तर प्रश्न वेगळा. अडत नसेल तर आजच काढा. रिकामा पिंजरा ठेवला तर शोभाच्या घरातली पोकळी कदाचित जास्तच बोलेल, आणि एकही अर्ज करावा लागणार नाही.

ब्रेकडाऊनचा मोठा फायदा हाच. कागदावर खोडायला काही लागत नाही. सेटवर तोच शब्द अर्धा दिवस खातो. म्हणून ब्रेकडाऊन करताना लेखक शेजारी बसलेला असावा, आणि त्याने प्रत्येक टॅगला 'हे खरंच हवं का?' असं विचारू द्यावं. राग येतो, पण संहिता सुधारते.

६. लोकेशनची यादी काढा आणि परवानग्यांना लागा

ब्रेकडाऊन झालं की लोकेशन रिपोर्ट काढा आणि प्रत्येक नावापुढे मालक कोण ते लिहा. रस्ता, बाग, चौपाटी असेल तर महापालिका आणि पोलीस, वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलीसही. राज्य सरकारची चित्रीकरण परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे, ती गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या महामंडळामार्फत चालते. अर्ज तिथूनच सुरू करा. रेल्वे, बंदराची हद्द आणि केंद्राची संरक्षित स्मारकं यांना आपापली परवानगी लागते. कान्हेरीसारख्या ठिकाणी लेणी पुरातत्त्व खात्याची आणि भोवतीचं जंगल वन खात्याचं, म्हणजे दोन दारं. सोसायटी असेल तर सेक्रेटरींचं ना हरकत पत्र लेखी घ्या. तोंडी 'करा की' वर जनरेटर लावू नका.

ड्रोनचा शॉट लिहिला असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. विमानतळ आणि नौदलाच्या ठाण्यांमुळे मुंबईचा बराच भाग ड्रोनला बंद आहे. बहुतेक शॉर्ट फिल्मना गच्चीवरचा शॉट पुरतो.

७. आता शेड्यूल

शेड्यूलमध्ये प्रत्येक सीनची एक रंगीत पट्टी असते. प्रचलित रंग असे: दिवस-अंतर्गत पांढरी, दिवस-बाह्य पिवळी, रात्र-अंतर्गत निळी, रात्र-बाह्य हिरवी. सॉफ्टवेअरमध्ये या पट्ट्या ओढून मागेपुढे करता येतात. साधन नसेल तर रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून टेबलावर मांडा, काही बिघडत नाही.

आधी लोकेशनप्रमाणे गट करा. मुंबईत एका दिवसात दोन लोकेशन जमतात असं कागदावर वाटतं. गिरगावातून गोरेगावला युनिट हलवायचं म्हणजे सामान बांधणं, गाड्या, ट्रॅफिक, परत लाइट लावणं, यात शिफ्टचा मोठा हिस्सा जातो. जमलंच तर दुसरं लोकेशन पहिल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधा. पटकथेतली शाळा गोरेगावातलीच असावी असं प्रेक्षकाला कुठे ठाऊक असतं?

मग बाह्य सीन आधी घ्या आणि अंतर्गत मागे ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये तर प्रत्येक बाह्य दिवसाला एक कव्हर सेट हवाच, म्हणजे पाऊस आला तर त्याच जागी आत जाऊन करता येईल असा सीन. चाळीचं लोकेशन इथे फार उपयोगी पडतं. गॅलरी ओली झाली की खोलीत शिरता येतं.

ओमचे सीन त्याच्या पाच तासांत बसवा. संध्याकाळचा सातवा सीन असेल त्या दिवशी त्याला दुपारी तीनला बोलवा. सकाळी नऊला बोलावून दिवसभर बसवून ठेवू नका. पाऊण तासाचा उजेड यायच्या आधी तालीम, कॅमेऱ्याच्या जागा आणि पाइप तयार हवेत. दोन-अष्टमांश पानाचा हा सीन निम्मा दिवस मागतो, म्हणून पानं मोजून 'आज सहज होईल' असं म्हणू नका.

समुद्रकिनाऱ्याचा सीन असेल तर भरतीचं वेळापत्रक शेड्यूलला जोडा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रेकीच्या (आधी जागा पाहून येण्याच्या) दिवशी दुपारी चारला मोकळी दिसलेली वाळू पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. आवाज थेट घेणार असाल तर विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर इथली विमानं, आणि कुठेही असलात तरी सणाचे दिवस बघून घ्या. गणपतीच्या आठवड्यात लालबाग-परळला संवादाचा सीन ठेवायचा नाही.

शेवटी कलाकारांचा रिपोर्ट काढा, कोण कोणत्या दिवशी लागतं तो. एखादे ज्येष्ठ कलाकार पहिल्या आणि चौथ्या दिवशी लागत असतील आणि मधले दोन दिवस रिकामे जात असतील, तर पट्ट्या परत हलवा.

८. संहिता लॉक करा

शेड्यूल वाटलं की सीन क्रमांक गोठवायचे. त्यानंतर बारा आणि तेराच्या मध्ये नवा सीन आला तर तो १२अ. सीन काढला तर त्याचा क्रमांक तसाच ठेवून समोर 'रद्द' लिहायचं. क्रमांक सरकले की कपडेपट एका सीनचे कपडे आणतो आणि कॅमेरा दुसराच सीन लावून बसतो. मोठ्या युनिटमध्ये बदललेली पानं निळी, गुलाबी, पिवळी अशी रंगाने ओळखतात. तुमच्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालणार, तेव्हा फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घाला, फक्त पीडीएफ पाठवा, आणि काय बदललं ते एका ओळीत खाली लिहा. मूळ फाइल एकाच माणसाच्या हातात असावी.

संहिता बाहेर वाटण्याआधी ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घ्या. सभासद झाल्यावर हे काम ऑनलाइन होतं.

९. कॉल शीट

आदल्या संध्याकाळी जाते, एका पानात मावते. तारीख, प्रत्येकाचा वेगळा कॉल टाइम, सीन क्रमांक, त्या दिवसाची प्रॉपर्टी आणि कपडे, सूर्यास्त, नाश्ता-जेवणाच्या वेळा. पत्त्यासोबत नकाशाची लिंक आणि जवळचं स्टेशन, पूर्व की पश्चिम ते न विसरता. जवळचं रुग्णालय आणि १०८. ज्युनिअर आर्टिस्ट आणि स्पॉटदादांपर्यंत ती पोचली का, हे फोन करून विचारा. ग्रुपवर टाकली म्हणजे वाचली असं नाही.

पॅकअपनंतर झोपायच्या आधी फाइल उघडून झालेल्या सीनवर खूण करा, राहिलेले शॉट टीपेत लिहा आणि पट्ट्या हलवून दुसऱ्या दिवशीची यादी फर्स्ट एडीला (पहिल्या सहायक दिग्दर्शकाला) पाठवा. आज पागोळ्यांच्या शॉटमध्ये ओमच्या डाव्या हातात वही होती की उजव्या, हेही तेव्हाच लिहा.